दर्याकडे, कलमांकडे

पहाटे ४.४५
डोंबिवली. चहा उभ्यानेच. आज मॉर्निंगला जोडून इव्हिनिंगही आहे, म्हणून दोन डबे. ५.३०ची लोकल पकडली तर बसायला मिळतं आणि पुढचा दिवस बसायला मिळत नाही, हे गणित बावीस वर्षांत बदललेलं नाही.

सकाळी ७.१०
मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयातला हाडांचा वॉर्ड. नाईटची सिस्टर एकेका खाटेपाशी थांबत हँडओव्हर देते. ‘सतरा नंबर. डी बारा फ्रॅक्चर, ऑपरेशनचा नववा दिवस, कॅथेटर आहे, ताप नाही. सहाला उताणे.’ शेवटचे दोन शब्द मी वहीत सगळ्यात आधी लिहिते.

सतरा नंबर म्हणजे तात्या. गाव जामसंडे. माझं माहेरही तेच, त्यामुळे पहिल्या दिवशी केसपेपरवर ‘ता. देवगड’ वाचून मी मालवणीत विचारलं, ‘खयच्या वाडीतले?’ आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. रडू आवरायचं असलं की आमच्याकडची माणसं तसंच करतात.

तात्या कलमावरून पडले. फांदी मोडली आणि खाली कातळ. आमच्या भागातला असा पेशंट बहुधा गोव्याला बांबोळीला नाहीतर कोल्हापूरला नेतात. पण तात्यांची बहीण लालबागला. गिरणीच्या दिवसांपासून तिची खोली हेच अख्ख्या वाडीचं मुंबईतलं घर, म्हणून ते इथे आले. पाठीत सळ्या बसल्या, कणा सावरला. कमरेखाली मात्र काही कळत नाही.

सकाळी ८.००
कूस. मावशी, सून आणि मी. ओंडका लोटावा तसं अख्खं अंग एकदम वळवायचं, पाठीला पीळ पडू द्यायचा नाही. खाली घडी घातलेली चादर असते, तिला धरून उचलायचं. ओढायचं नाही. ओढलं की वरची कातडी गादीला चिकटून राहते आणि आतलं मांस सरकतं. जखम आतून सुरू होते, वर दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

‘खय वळवतंस?’ तात्या विचारतात.

‘दर्याकडे.’

हे आमचं ठरलेलं. घरी तात्यांची खाट पडवीत, डोकं दक्षिणेला. म्हणजे डाव्या कुशीला दर्या, उजव्या कुशीला कलमं. वॉर्डातल्या खिडकीबाहेर पाण्याची टाकी आणि कबुतरं आहेत, पण डावी कूस ती दर्याकडची. पाठीशी उशी, दोन गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी. पूर्ण आडवं नाही, जरा तिरपं, म्हणजे खुब्याच्या हाडावर सगळा भार येत नाही.

‘मोहोर इलो काय गो?’

‘इलो म्हणतत. झील फवारणीक लागलो आसा.’

म्हणूनच मुलगा इथे नाही, सून आहे. जानेवारीत मोहोर सोडून बागायतदार मुंबईत बसला तर वर्षभर खायचं काय?

सकाळी ९.००
राऊंड. मोठे डॉक्टर, लेक्चरर, हाऊसमन, मागे मुलं. तात्यांच्या वाट्याला दीड मिनिट. ‘बेडसोर?’ ‘नाही सर.’ ‘गुड. उद्या डिस्चार्ज.’ या ‘नाही सर’मागे नऊ दिवसांतल्या शंभरेक कुशी आहेत. एक्सरेत सळ्या दिसतात, कूस कुठल्याच फोटोत येत नाही.

सकाळी १०.००
कूस. कलमांकडे.

‘कित्याक परतवतंस गो? माका काय कळणा नाय.’

कळत नाही म्हणूनच, तात्यानू. धडधाकट माणूस रात्रभर झोपेतच कूस बदलतो. हाडाखालची कातडी दाबली जाते, तिथलं रक्त अडतं, कातडी कुरकुर करते आणि आपण जागं न होता वळतो. तात्यांच्या कातडीची कुरकुर वरपर्यंत पोचतच नाही. माकडहाड, खुबे, टाचा, खांद्यांची हाडं, डोक्याची मागची बाजू, जिथे हाड वर तिथे धोका. त्यांना जे कळत नाही ते माझ्या बोटांना कळायला हवं. मोठ्या रुग्णालयातल्या शुश्रूषेचा निम्मा भाग हाच: झोपेत फुकट होणारी गोष्ट जागेपणी, मोजून करायची.

ओलसरपणा मात्र आधी मावशींना कळतो. पडदा सारायच्या आत त्या नाकाने ओळखतात. चार्टवर मावशींची सही नसते. असायला हवी.

दुपारी १२.००
बारा वाजता मी सतरा नंबरवर नव्हते. तीन नंबरचा पेशंट अचानक घामाघूम, श्वास लागलेला. ट्रॉली, ऑक्सिजन, हाऊसमनला फोन, मग आयसीयूपर्यंत लिफ्टची वाट. नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे, शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका. आज आम्ही तिघी आणि भरलेल्या खाटा चाळीसच्या वर. एक सिस्टर आयसीयूच्या दारात अडकली की बाकीच्या वॉर्डाचं घड्याळ थांबतं. घड्याळ थांबलं तरी हाडांचा दाब थांबत नाही.

दुपारी १.१०
धावत सतरावर. तात्या तसेच, कलमांकडे. सून गोंधळलेली, एकटीने हात लावायला भ्याली होती आणि तिचं बरोबरच होतं. वळवलं, दर्याकडे. उजव्या खुब्यावर रुपयाएवढा लाल डाग.

मी बोट दाबून धरलं, सोडलं. बोटाखालची जागा पांढरी पडते का, हेच बघायचं असतं. पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त अजून ये-जा करतंय. दाबूनही लालच राहिली तर ती पहिली पायरी. तिथून हाडापर्यंतचा रस्ता लांब नसतो.

पांढरी पडली. सावकाश, पण पडली. मी तेव्हा कुठे श्वास सोडला. चोळायला मात्र हात लावला नाही. पूर्वी आम्ही स्पिरिट-पावडर लावून अशी जागा चोळायचो. दुखावलेली कातडी चोळून अजून दुखावते, हे नंतर शिकलो.

मग चार्ट. रकान्यात छापलेलं आहे ‘१२’. तिथे टिचकी मारून पुढे गेलं तर कोणी विचारणार नाही. मी ते खोडून ‘१.१०’ लिहिलं आणि शेजारी ‘उजवा खुबा लाल, दाबल्यावर पांढरा’. नवी सिस्टर बघत होती. म्हणाली, ‘मॅडम, मेमो येईल.’ येऊ दे. तिथे बारा लिहिलं तर नाईटची सिस्टर उजवा खुबा बघणार नाही. आमच्या धंद्यात खोटं बोललेलं पेशंटच्या अंगावर उमटतं.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९च्या आपल्या पुस्तकात बेडसोरचा दोष आजाराकडे नाही तर शुश्रूषेकडे दिलाय. शिकताना ते मला चाबकासारखं लागलं होतं. आता वाटतं, बाईंचं बरोबर आहे, पण शुश्रूषा म्हणजे एकटी सिस्टर नव्हे. किती हात नेमले, ही पण शुश्रूषाच.

दुपारी ३.००
उताणे. वॉर्ड जरा शांत. दुसरा डबा.

नव्या सिस्टरला अरुणा शानबाग माहीत होत्या, पण सिनेमासारख्या: हल्ला, कोमा, कोर्ट. मी तिला दुसरी बाजू सांगितली. कर्नाटकातल्या हळदीपूरची ही मुलगी केईएममध्ये परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ला तिथल्याच सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला, मेंदूचा प्राणवायू तुटला. तेव्हापासून १८ मे २०१५पर्यंत, म्हणजे साडेएकेचाळीस वर्षं, केईएमच्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. महापालिकेने तिला हलवायचं मनात आणलं तेव्हा परिचारिका संपावर गेल्या. दयामरणाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ७ मार्च २०११चा. अर्ज फेटाळला, पण त्याच निकालाने देशात निष्क्रिय दयामरणाला वाट दिली. त्या वेळी डॉक्टरांच्या समितीने तिला तपासलं. सदतीस वर्षं अंथरुणाला खिळलेल्या त्या अंगावर बेडसोर नव्हता.

तिला जगवायला हवं होतं की नाही, यावर वाद घालता येतो. आमच्या रेस्टरूममध्येही होतो. पण सदतीस वर्षं दर दोन तासांनी म्हणजे दीड लाखाहून जास्त कुशी. त्यातल्या कित्येक अशा मुलींनी बदलल्या, ज्या १९७३ साली जन्मल्याही नव्हत्या.

लोक याला सेवा म्हणतात. नर्सेस डेला गुलाबाचं फूलही देतात. मला आपला ‘पाळी’ हा शब्द बरा वाटतो. सेवा मनात आलं तर करायची असते. पाळी आली की करावीच लागते आणि संपली की पुढच्या बाईच्या हातात द्यावी लागते.

संध्याकाळी ५.००
पुन्हा दर्याकडे. उजवी बाजू तूर्त विश्रांतीला. डाग फिकट.

फिजिओची मुलगी पाय हलवून गेली. तात्यांनी ते पाय दुसऱ्याचे असावेत तसे बघितले आणि विचारलं, ‘मे म्हयन्यात बागेत जावक गावात?’ ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, ‘खुर्चेत बसान जाशात.’ याहून जास्त सांगायचा मला अधिकार नाही, आणि याहून कमी सांगायचं धाडस नाही.

संध्याकाळी ७.००
उताणे. या वेळी सुनेने वळवलं, मी नुसती बोट दाखवत होते. चादर धर, ओढू नको, उचल. टाच टेकली, बघ. अंगठा दाबून पांढरं बघायला शिकवलं. घरी हवेची गादी नाही. सावरीच्या उशा आहेत म्हणाली. चालतील, सहा लागतील.

भेटीला आलेल्या लालबागच्या आतेने सामान भरायला आंब्याचं रिकामं खोकं आणलं होतं. सुनेने त्याचं झाकण फाडून घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पट्टीशिवाय रेघा मारल्या. दर्या, कलमां, उताणे. शेजारी वेळा लिहीत गेली, आणि एका रकान्याशी पेन थांबलं.

‘रातीच्या दोनाक पण उठाक व्हया?’

‘व्हया.’

ती काही बोलली नाही. तात्या छताकडे बघत म्हणाले, ‘शेजारच्या खोपीत राखणीचे गुरखे रातभर जागेच असतत. एकाक सांगूया हाक मारूक.’ ती पदर तोंडाशी धरून हसली. मग तिने दोनच्या रकान्यात काळजीपूर्वक लिहिलं, ‘दर्या’.

रात्री ९.००
हँडओव्हर. ‘सतरा नंबर. उजवा खुबा दुपारी लाल होता, आता स्वच्छ. नऊला कलमांकडे.’ नाईटची सिस्टर नागपूरची. ‘कुठे?’ म्हणाली. ‘उजवी कूस,’ मी म्हटलं.

रात्री १०.५५
डोंबिवली स्टेशन. जिन्यावर गर्दी, गुडघे बोलतायत. पुलावर घड्याळ दिसलं आणि नकळत डावा खांदा जरा खाली गेला. अकरा. दर्याकडे.