फरक सापडला, म्हणजे भाकीत जमलं का?

क्रीडाविज्ञानात संशोधन करायचं म्हणणाऱ्यांकडून एक विषय वारंवार ऐकू येतो: तरुण फुटबॉलपटूंच्या हालचालींची चाचणी घ्यायची आणि कुणाला दुखापत होणार ते आधीच ओळखायचं. विषय चांगला आहे. त्यातल्या 'ओळखायचं' या शब्दापाशी मात्र जरा थांबा.

2005 सालचा एक गाजलेला अभ्यास घेऊ. अमेरिकेत टिमोथी ह्युएट आणि सहकाऱ्यांनी फुटबॉल, बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल खेळणाऱ्या 205 किशोरवयीन मुलींना 31 सेंटिमीटर उंचीच्या ठोकळ्यावरून खाली उतरून लगेच वर उडी मारायला सांगितलं. पाय टेकताना गुडघा आत किती झुकतो आणि त्यावर किती बल येतं, हे कॅमेरे आणि फोर्स प्लेट यांनी मोजलं. पुढे 9 मुलींचा एसीएल, म्हणजे गुडघ्याला स्थिर ठेवणारा एक महत्त्वाचा लिगामेंट, दुखावला. या मुलींचा गुडघा इतरांपेक्षा सरासरी 8 अंश जास्त आत झुकत होता. गुडघा आत ढकलणाऱ्या बलावरून भाकिताची सेन्सिटिव्हिटी 78 टक्के आणि स्पेसिफिसिटी 73 टक्के आली.

आकडे छान वाटतात ना? आता कागद-पेन्सिल घ्या. 9 पैकी 78 टक्के म्हणजे 7 मुली चाचणीनं बरोबर पकडल्या, 2 सुटल्या. उरलेल्या 196 जणींना काहीच झालं नाही, पण त्यांच्यातल्या 27 टक्के, म्हणजे साधारण 53 जणींवरही 'धोका' असा शिक्का बसला. एकूण शिक्के 60, त्यातले खरे 7. आता एखाद्या प्रशिक्षकानं ही यादी हातात धरून संघ निवडला, तर 53 धडधाकट मुली बाहेर बसतील, आणि सुटलेल्या दोघी निर्धास्तपणे मैदानात असतील.

असं होतं, कारण दोन गटांच्या सरासरीत फरक असला तरी त्यांचे आलेख एकमेकांवर बरेच चढलेले असतात. दुखापत मुळात विरळ असेल, तर निरोगी गटाचा छोटासा हिस्सासुद्धा संख्येनं मोठा भरतो. (रिग्रेशनमध्ये आपण चलाला सर्रास 'प्रेडिक्टर' म्हणतो, त्यानंही गोंधळ वाढतो. तिथं त्याचा अर्थ भाकीत करणारा असा नसतो.)

शिवाय ज्या नमुन्यावर सीमारेषा ठरवली, त्याच नमुन्यावर ती तपासली तर निकाल चांगलाच दिसणार. खरी परीक्षा नव्या नमुन्यावर. नॉर्वेत ट्रोन क्रॉसहाउग आणि सहकाऱ्यांनी अव्वल फुटबॉल आणि हँडबॉल खेळाडू महिलांवर अशीच उडीची चाचणी घेतली. 710 जणींच्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष 2016 मध्ये आला: एसीएलसाठी ही चाळणी कुचकामी. त्याच वर्षी रोआल्ड बार यांनी एका लेखात सरळच मांडलं की दुखापतीचं भाकीत करणाऱ्या चाचण्या चालत नाहीत, आणि बहुधा कधीच चालणार नाहीत. मला 'कधीच' हा शब्द जरा जड वाटतो, पण त्यांचा युक्तिवाद खोडून काढणं सोपं नाही. वाढत्या वयातल्या मुलांचं तर आणखी अवघड: उंची झपाट्यानं वाढत असताना हंगामाच्या सुरुवातीला मोजलेली हालचाल शेवटपर्यंत तशीच राहील, हे गृहीत कसं धरणार?

मग करायचं काय? एक वाट अशी: कुणालाही न निवडता सगळ्यांनाच व्यायाम द्यायचा. 'फिफा 11+' हा धावणं, ताकद आणि तोल यांचा साधारण 20 मिनिटांचा वॉर्म-अप. नॉर्वेतल्या 125 क्लबांमधल्या 13 ते 17 वर्षांच्या 1892 मुलींवर तो तपासला गेला, निकाल 2008 मध्ये आला. एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशानं कमी झाल्या, गंभीर दुखापतीही घटल्या. मात्र अभ्यासाचं मुख्य मोजमाप होतं पायांच्या दुखापती, आणि त्यातली घट सांख्यिकीयदृष्ट्या सिद्ध झाली नाही. सारांशातलं हे वाक्य वगळून पेपर उद्धृत करणारे भरपूर भेटतात. तुम्ही तसं करू नका.

चाचण्या टाकून द्या, असं मी म्हणत नाही. आत्ता कुणाला दुखतंय, जुनी दुखापत पुरती बरी झाली का, हे त्यातून कळतं. पण प्रस्तावात 'भाकीत' लिहिणार असाल, तर एका हंगामात किती दुखापती हाती लागतील याचा अंदाज आधी काढा. आणि सीमारेषा तपासायला दुसरा संघ कुठून आणणार, तेही त्याच पानावर लिहा. मुलाखतीत पहिला प्रश्न बहुतेक तिथूनच येईल.