दाढ वरची, दुखणं नाकाचं
लेखांक सहावा

दाढेच्या मुळाशी पू कसा साचतो ते मागच्या आठवड्यात पाहिलं. हाड पोखरत तो हिरडीवर पुळी आणतो आणि फुटतो. वरच्या जबड्यात त्याला आणखी एक वाट असते, आणि ती नाकात निघते.

नाकाच्या दोन्ही अंगांना, डोळ्यांच्या खाली, गालाच्या हाडात एकेक पोकळी असते. तिचं नाव मॅक्सिलरी सायनस. मोठ्या माणसात तिच्यात साधारण १५ मिलिलिटर, म्हणजे औषधाचे तीन चमचे पाणी मावेल. तिच्या तळाखालीच वरच्या दाढांची मुळं येतात. काहींच्यात मधे हाडाचा नुसता पापुद्रा असतो, काहींच्यात तोही नसतो, फक्त पोकळीचं पातळ अस्तर.

हा शेजार वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्याने १६५१ साली या पोकळीचं सविस्तर वर्णन केलं. त्यात त्याने एका बाईंची हकीकत दिली आहे. वरचा सुळा काढल्यावर त्यांच्या त्या खड्ड्यातून स्राव थांबेना. बाईंनी खड्ड्यात चांदीची सळई घालून पाहिली, मग पिसाची काडी. ती इतकी आत गेली की मेंदूपर्यंत पोचली की काय, या धास्तीने त्यांनी हायमोरला गाठलं. काडी अर्थातच सायनसमध्ये फिरत होती. इतकं जुनं ज्ञान असूनही आजही सायनसचा रुग्ण महिनोन्‌महिने वाफ घेत, गोळ्या बदलत हिंडतो आणि त्याला कुणी ‘आ करा’ म्हणत नाही.

यात रुग्णाचाही दोष नाही, कारण दाढ बहुधा दुखतच नाही. तिची नस केव्हाच मेलेली असते आणि पू वर पोकळीत निघून जात असल्याने ठणकाही लागत नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी रूट कॅनल करून टोपी बसवलेली दाढ वरून चकचकीत दिसते, आत एखादा कालवा न भरता राहिलेला असतो. साध्या एक्स-रेत हे निसटतं, सीटी स्कॅनमध्ये सापडतं; पण सायनससाठी काढलेल्या स्कॅनमध्ये दातांकडे पाहिलं तर! पूर्वीची पुस्तकं या सायनसच्या एकूण दुखण्यांत दाढेमुळे होणाऱ्यांचं प्रमाण १० ते १२ टक्के सांगत. अलीकडच्या काही अभ्यासांत ते ४० टक्क्यांपर्यंत गेलं आहे. दोन खुणा मात्र लक्षात ठेवण्यासारख्या आहेत: त्रास एकाच बाजूला असणं, आणि नाकात कुजका वास येणं. सर्दीने होणारा सायनस सहसा दोन्ही बाजू धरतो.

आता शस्त्रक्रिया. अमेरिकेत जॉर्ज कॉल्डवेल यांनी १८९३ साली आणि पॅरिसमध्ये आंरी ल्यूक यांनी १८९७ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, जवळपास एकच ऑपरेशन मांडलं. वरचा ओठ उचलायचा, सुळ्याच्या वर हिरडीत छेद द्यायचा, हाडाला खिडकी पाडायची, आतलं अस्तर खरवडून काढायचं आणि नाकाच्या तळाशी नवं भोक पाडायचं. विचार सरळ होता: पू खाली वाहतो, तर भोक खाली हवं. विसाव्या शतकाचा बराच भाग हेच चाललं. गाल सुजायचा, तो आणि वरचे दात कित्येकांना कायमचे बधिर वाटायचे.

हा सरळ विचारच मुळात चुकीचा होता. सायनसच्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात आणि ते आतला चिकट स्राव सतत ढकलत असतात, तेही खाली नव्हे, वर. कारण पोकळीचं नैसर्गिक दार नाकाच्या बाजूच्या भिंतीत उंचावर आहे. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे डॉक्टर मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीतून हा प्रवाह बारकाईने पाहिला. तळाशी ऐसपैस भोक पाडलं तरी स्राव त्याला वळसा घालून जुन्या दाराकडेच जातो. त्यामुळे आज नाकपुडीतून ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण घालून ते मूळ दारच रुंद करतात, पू धुऊन काढतात आणि अस्तर जागेवर ठेवतात. बाहेर टाका नाही. जुनं ऑपरेशन आता क्वचित लागतं, एखादं इम्प्लांट किंवा तुटलेलं मूळ पोकळीत शिरून अडचणीच्या जागी बसलं असेल तर.

दाढेवरचा उपचारही कधी सायनसला भोवतो. रूट कॅनलमध्ये भरलेली जस्तयुक्त पेस्ट मुळाबाहेर पोकळीत सांडली, तर तिच्याभोवती कधीकधी बुरशीचा गोळा वाढतो. नाव ऐकून घाबरू नये. २०२१ मध्ये आपल्याकडे थैमान घातलेली काळी बुरशी ती ही नव्हे. पण गोळ्या-औषधांनी हा गोळा जात नाही, दुर्बिणीतून काढावाच लागतो.

दाढ काढताना तळाचं हाड फुटलं, तर तोंड आणि सायनस यांच्यात थेट भोक पडतं. चूळ भरली की पाणी नाकातून येतं. दोन मिलिमीटरपर्यंतचं भोक बहुधा आपोआप भरतं. पाचाच्या पुढचं शिवावं लागतं. त्यासाठी गालाच्या आतली त्वचा ओढून घेतात, किंवा गालातला चरबीचा गोळा. ही दुसरी युक्ती एग्येदी या सर्जननी १९७७ मध्ये सांगितली आणि मला ती फार आवडते. गालात खोलवर असलेली ती पिवळी चरबी हलक्या हाताने बाहेर घेऊन भोकावर पसरतात आणि टाके घालतात. तिच्यावर वेगळं काही लावत नाहीत. काही आठवड्यांत तिच्यावर तोंडाचं अस्तर चढतं आणि पिवळं होतं ते गुलाबी दिसू लागतं. अट एकच: आधी सायनस स्वच्छ हवा. आत पू ठेवून वरून शिवलं, तर टाके उसवतातच. भोक शिवल्यानंतर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, स्ट्रॉ आणि विडी-सिगरेट बंद.

आधी दाढ की आधी सायनस, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. पुष्कळ रुग्ण नुसत्या दाढेच्या उपचाराने बरे होतात. दार पार बुजलं असेल आणि हाल होत असतील, तर आधी दुर्बीण घालणंही योग्य. मात्र सायनस धुऊन दाढ तशीच ठेवणं हा उपचार नव्हे. चार-सहा महिन्यांत दुखणं परत येतं आणि खर्च दुप्पट होतो.

तेव्हा एका बाजूच्या सायनससाठी ऑपरेशनची तारीख मिळाली असेल, तर त्याआधी तोच स्कॅन दातांच्या डॉक्टरांनाही दाखवा. आणि डोळ्याभोवती सूज आली, एकाचं दोन दिसू लागलं किंवा तापासोबत डोकं असह्य दुखू लागलं, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच हॉस्पिटल गाठा.