पारंपरिक चिनी वैद्यकातील ‘चेन-पी’ चहा : ऋतू, प्रकृती आणि आरोग्य

प्रस्तावना :
संत्रे खाल्ल्यानंतर साल टाकून द्यावयाची, ही आपल्याकडील सर्वसाधारण रीत आहे. दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतातील शिन्हुई परिसरात मात्र गरापेक्षा सालीलाच अधिक मोल आहे. वाळवून अनेक वर्षे जुनी होऊ दिलेल्या या सालीस ‘चेन-पी’ असे म्हणतात. ‘चेन’ म्हणजे जुनी आणि ‘पी’ म्हणजे साल. या सालीचा चहा ‘सर्व ऋतूंत, सर्वांस हितकारक’ असल्याचा प्रचार अलीकडे होताना दिसतो. ज्या परंपरेचा त्यासाठी आधार घेतला जातो, तिला हे विधान मान्य आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे :
१) चेन-पी तयार करण्याची पद्धत समजून घेणे.
२) तिच्या सेवनामागील ऋतुविचार स्पष्ट करणे.
३) आधुनिक ज्ञानाच्या संदर्भात तिच्या मर्यादा पाहणे.

चेन-पीचे स्वरूप :
शिन्हुई येथे पिकलेल्या फळाची साल बुडाशी जोडलेली ठेवून तीन पाकळ्यांत सोलतात. आतील पांढरी बाजू बाहेर येईल अशी ती उलटवून वाळवितात व कोरड्या, हवेशीर जागी किमान ३ वर्षे साठवितात. २००६ मध्ये शिन्हुईच्या चेन-पीला चीनमध्ये भौगोलिक उत्पादन म्हणून संरक्षण मिळाले. कच्च्या फळाच्या सालीस ‘छिंग-पी’ म्हणतात व तिची गणना स्वतंत्र औषधात होते. म्हणजेच फळाची पक्वता आणि सालीचे वय यांवर औषधाची ओळख ठरते. सुंग राजवटीच्या काळापासून प्रसिद्ध असलेल्या ‘एर-चेन-तांग’ या काढ्याच्या नावाचा अर्थच ‘दोन जुन्या द्रव्यांचा काढा’ असा आहे. त्यांपैकी एक चेन-पी, तर दुसरे ‘बान-शिया’ हा सुरणाच्या कुळातील कंद होय.

ऋतुविचार :
चिनी वैद्यकात वारा, थंडी, उन्हाळी उष्मा, आर्द्रता, शुष्कता व अग्नी हे सहा बाह्य घटक रोगकारक मानले आहेत. त्यांपैकी आर्द्रतेचा संबंध उन्हाळ्याच्या उत्तरार्धाशी व प्लीहेशी जोडला जातो. येथे ‘प्लीहा’ हा शब्द केवळ एका अवयवाचा वाचक नसून समग्र पचनव्यापाराचा निदर्शक आहे. आर्द्रता वाढली की हे कार्य मंदावते, पोट फुगते, भूक मरते, अंग जड होते आणि कफ साचतो, अशी ही उपपत्ती आहे. चेन-पी तिखट-कडू रसाची व उष्ण गुणाची असल्याने ती ‘ची’ म्हणजे जीवनशक्तीस गती देते, आर्द्रता शोषते आणि कफ कमी करते, असे मानले जाते.

ग्वांगडोंगमध्ये वसंतात समुद्राकडून येणारी दमट हवा थंड भिंतींवर व फरशांवर अक्षरशः पाझरू लागते. अशा प्रदेशात ही साल घराघरांत रुजली, यात नवल नाही. सालीचे दोन-तीन तुकडे धुऊन उकळत्या पाण्यात झाकून ठेवणे, ही साधी कृती होय. काही जण त्यात आले घालतात, तर काही युन्नानचा पु-अर चहा.

तथापि शरद ऋतूतील कोरड्या हवेत हाच शोषक गुण दोषरूप ठरतो. कोरडा खोकला, घशाची कोरड किंवा अंगातील उष्णता असणाऱ्यांनी चेन-पी जपून घ्यावी, असे हीच परंपरा सांगते. आपल्या आयुर्वेदातील ऋतुचर्येचे येथे स्मरण होते. परंतु चिनी ‘आर्द्रता’ व आयुर्वेदीय ‘कफदोष’ यांना समानार्थी मानणे योग्य नव्हे.

आधुनिक दृष्टिकोन :
सालीत हेस्पेरिडिन, नोबिलेटिन यांसारखी फ्लेव्होनॉइड द्रव्ये व लिमोनीनयुक्त बाष्पनशील तेल असते. प्रयोगशाळेतील व प्राण्यांवरील अभ्यासांत त्यांचे दाहशामक गुण दिसले आहेत. तथापि त्यावरून कपभर चहाने रोग टळतो, असा निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय चेन-पी बहुधा मिश्रणात दिली जाते. २०२० मध्ये कोविड-१९ साठी चीनमध्ये वापरलेल्या ‘छिंग-फेइ-पाय-तू’ काढ्यात २१ द्रव्ये होती व चेन-पी त्यांपैकी केवळ एक होती. अशा काढ्याच्या परिणामाचे श्रेय एकट्या सालीस देता येणार नाही.

नागपुरी संत्रेही ‘सिट्रस रेटिक्युलाटा’ याच जातीचे असल्याने घरीच चेन-पी करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु वाण, हवामान व साठवण यांतील भेद दुर्लक्षिता येत नाही. बाजारातील फळांच्या सालीवर कीटकनाशकांचा अंश असू शकतो आणि दमट जागी ठेवलेल्या सालीस बुरशी लागते. नियमित औषधे घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय तिचे सातत्याने सेवन करू नये.

निष्कर्ष :
चेन-पी चहा हे सार्वत्रिक शक्तिवर्धक नसून विशिष्ट हवामान व विशिष्ट प्रकृती यांसाठी योजलेले पेय आहे. ‘कोणी व केव्हा घेऊ नये’ हा भाग वगळून केलेला प्रचार आधुनिक विज्ञानाच्या कसोटीस तर उतरत नाहीच; परंतु ज्या परंपरेचे नाव तो घेतो, तिच्याशीही तो प्रामाणिक राहत नाही. पारंपरिक ज्ञानाचे अध्यापन करताना त्यातील निषेधांनाही गुणवर्णनाइतकेच स्थान मिळणे आवश्यक आहे.