न पेरण्याचा खंड

जमीन कसायला घेतली, की मालकाला खंड द्यावा लागतो. हे आपल्याला ठाऊक आहे. पण जमीन पेरायची नाही आणि त्याबद्दल सरकारने मालकाला खंड द्यायचा, असे कधी ऐकले आहे का? अमेरिकेत असे होते. ते का, हे आपण पाहू.

अमेरिकेत ओक्लाहोमा नावाचे राज्य आहे. त्याच्या पश्चिम टोकाला सिमरॉन कौंटी आहे. कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा कारभाराचा भाग. पण २०२० च्या शिरगणतीत तिथे सगळी मिळून सुमारे २३०० माणसे! आपल्याकडे एवढी एका गावात असतात. जमीन मात्र नजर पोचेल तिथवर. पाऊस थोडा, तोही बेभरवशाचा. वाऱ्याला मात्र तोटा नाही.

पूर्वी इथे गवतच गवत होते. त्याच्या खोल मुळांनी माती घट्ट धरली होती. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला. लोकांनी गवत नांगरून गहू पेरला. काही वर्षे बरी गेली. पण १९३० नंतर पाऊस रुसला. गहू उगवेना. उघडी माती वाऱ्याने उचलली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी तर असे धुळीचे वादळ आले, की दिवस असतानाच काळोख पडला. कुंपणे मातीत गाडली गेली, गुरे मेली, माणसांच्या छातीत धूळ बसली. कितीतरी कुटुंबे गाव सोडून गेली. त्याच महिन्यात सरकारने माती राखण्याचा कायदा केला.

१९५६ साली सरकारने जमीन पडीक ठेवण्यासाठी पैसे देऊन पाहिले. पण ते करार संपले, पुढे १९७० नंतर गव्हाचा भाव चढला, आणि नांगर पुन्हा चालला. मग १९८५ साली आताची योजना आली.

तिची रीत अशी. मालक कौंटीच्या शेती कचेरीत अर्ज करतो. माती किती वाहून जाते, उडून जाते, हे कचेरी बघते. करार दहा ते पंधरा वर्षांचा. गवत लावण्याच्या खर्चात सरकार वाटा उचलते. पुढे दर वर्षी एकरामागे खंड देते. तिथे पीक घ्यायचे नाही. गुरे चारायची तरी नियम आहेत.

मग यात वाईट ते काय? पैसे मालकाला मिळतात. तो दूर शहरात राहत असला तरी मिळतात. बियाणे विकणारा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा यांचा धंदा बसतो. ज्या तरुणाला खंडाने जमीन हवी, त्याला सरकारशी चढाओढ करावी लागते. ही तक्रार आम्हाला खोटी वाटत नाही. सरकारलाही ती पटली असावी. म्हणून कौंटीतल्या पिकाऊ जमिनीपैकी साधारण चौथा हिस्साच या योजनेत घ्यावा, असा नियम आहे. कूळ असेल तर त्याचाही विचार करावा लागतो.

२००७ साली साऱ्या देशात सुमारे ३ कोटी ६८ लाख एकर जमीन अशी गवताखाली होती. पुढे धान्याचे भाव चढले. करार संपलेल्या बऱ्याच मालकांनी गवत मोडले. २०१६ पर्यंत ही जमीन सुमारे २ कोटी ४० लाख एकरांवर आली.

सिमरॉनमध्येही करार संपला, की मालक हिशेबाला बसतो. एका बाजूला सरकारचा खंड, दुसऱ्या बाजूला गव्हाचा भाव. आणि बाहेर वारा वाहतच असतो.