युरोपीय चित्रशैली : उघडलेली खिडकी आणि मिटलेली खिडकी



पिकासोचं चित्र वर्गात दाखवलं की एक प्रश्न हमखास येतो. "सर, याला नीट चित्र काढता येत नव्हतं का?" सगळा वर्ग हसतो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

पिकासोचे वडील चित्रकलेचे शिक्षक होते. १८९७ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने 'विज्ञान आणि दया' हे मोठं तैलचित्र रंगवलं. अंथरुणावर आजारी बाई, तिची नाडी पाहणारे डॉक्टर, शेजारी मूल कडेवर घेतलेली नन. सगळं अगदी हुबेहूब! म्हणजे त्याला येत होतं. मग त्याने ते सोडलं का? याचं उत्तर शोधायला पाचशे वर्षं मागे जावं लागेल.

१) खिडकी उघडली : प्रबोधनकाळ

मध्ययुगातल्या धार्मिक चित्रांत मागे बहुधा सपाट सोनेरी रंग असे. ज्याचं महत्त्व जास्त, त्याची आकृती मोठी. इ.स. १३०५ च्या सुमारास ज्योत्तोने इटलीतल्या पाडुआ इथल्या प्रार्थनागृहात भित्तिचित्रं काढली. त्यातली माणसं वजनदार वाटतात, खरीखुरी रडतात.

पुढे फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्की या वास्तुविशारदाने यथार्थदर्शनाचे म्हणजेच पर्स्पेक्टिव्हचे नियम प्रयोगाने दाखवले. अल्बर्टीने १४३५ मध्ये ते ग्रंथात मांडले. त्याने चित्राच्या चौकटीला उघड्या खिडकीची उपमा दिली. ही उपमा लक्षात ठेवा, पुढचा सगळा धडा तिच्यावर उभा आहे.

ड्रॉइंगच्या परीक्षेत आपण दूर जाणारा रस्ता क्षितिजरेषेवर एका बिंदूत मिळवतो ना? तोच हा नियम. लिओनार्दोच्या 'द लास्ट सपर' मध्ये छताच्या आणि भिंतींच्या रेषा येशूच्या डोक्यापाशी मिळतात. त्यामुळे आपली नजर आपोआप तिथेच जाते.

२) खिडकीची काच स्वच्छ झाली : तैलरंग

अंड्याच्या बलकात कालवलेला रंग पटकन वाळतो, मिसळायला वेळच मिळत नाही. जवसाच्या तेलातला रंग सावकाश वाळतो, पातळ थरांवर थर देता येतात. तैलरंग आधीही माहीत होते, पण फ्लँडर्सच्या यान व्हान आयकने त्यावर विलक्षण प्रभुत्व मिळवलं. त्याच्या १४३४ च्या 'आर्नोल्फिनी' चित्रात मागच्या छोट्या आरशातसुद्धा अख्खी खोली दिसते. इटलीचं मोजमाप आणि उत्तरेकडचं तेल एकत्र आलं आणि खिडकी पूर्ण झाली.

३) गिऱ्हाईक बदललं, विषय बदलला : सतरावं शतक

१५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने धर्मसुधारणेला तोंड फोडलं. कॅथलिक चर्चला आता लोकांच्या मनाला भिडणारी चित्रं हवी होती. यातून बरोक शैलीला बळ मिळालं. काराव्हाज्योच्या 'संत मॅथ्यूला बोलावणं' (१५९९-१६००) या चित्रात अंधारी खोली आहे, टेबलावर पैसे मोजणारी माणसं आहेत आणि त्यांच्यावर तिरपा प्रकाशाचा झोत येतो.

हॉलंडमध्ये उलट घडलं. तिथल्या प्रॉटेस्टंट चर्चमधून चित्रं हद्दपार झाली. आता गिऱ्हाईक होता व्यापारी, त्याला घरात टांगायला चित्र हवं होतं. म्हणून व्हर्मीर दूध ओतणारी मोलकरीण रंगवतो. खिडकी देवळातून स्वयंपाकघरात आली!

४) राजवाडा, क्रांती, रस्ता

अठराव्या शतकात रोकोको शैलीने सरदारांची चैन रंगवली. दाव्हिदने १७८४ मध्ये 'होरेशियसची शपथ' मधून रोमन कर्तव्यनिष्ठा दाखवली, हा नवअभिजातवाद. देलाक्रवाने १८३० मध्ये हातात झेंडा घेतलेली स्वातंत्र्यदेवता रंगवली, हा स्वच्छंदतावाद. कूर्बेने १८४९ मध्ये खडी फोडणारे मजूर मोठ्या चित्रात आणले, हा वास्तववाद. खिडकीतून दिसणारं दृश्य बदलत गेलं, खिडकी मात्र तीच राहिली.

५) कॅमेरा आला

१८३९ मध्ये फ्रान्समध्ये दागेरची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली. हुबेहूब दाखवायचं काम आता यंत्र काही मिनिटांत करू लागलं. मग चित्रकाराने काय करायचं?

१८४१ मध्ये रंगाच्या कथलाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं गेलं. रंग खिशात घालून बाहेर जाता येऊ लागलं. मोनेने १८७२ मध्ये ल हाव्र बंदरातला सूर्योदय भराभर फटकाऱ्यांनी टिपला. १८७४ च्या प्रदर्शनात एका समीक्षकाने त्या चित्राच्या नावावरून टिंगल केली आणि तेच नाव चळवळीला चिकटलं : इम्प्रेशनिझम, म्हणजे दृक्प्रत्ययवाद. वस्तू कशी आहे हा प्रश्न मागे पडला. त्या क्षणी डोळ्याला ती कशी दिसते, हा नवा प्रश्न आला.

६) खिडकी मिटली

व्हान गॉगने 'तारांकित रात्र' (१८८९) मध्ये रंगातून मनाची खळबळ दाखवली. सेझानच्या फळांच्या चित्रांत एकच टेबल वेगवेगळ्या बाजूंनी पाहिल्यासारखं दिसतं. पिकासो आणि ब्राक यांनी हाच धागा पुढे नेला आणि घनवाद जन्मला. त्यांचा मुद्दा साधा आहे. यथार्थदर्शनात एक डोळा एका जागी खिळलेला असतो. खऱ्या आयुष्यात आपण तसं पाहतो का? आपण फिरतो, वळतो, आठवतो.

१९३७ मध्ये स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्ब पडले. पिकासोने सुमारे पावणेआठ मीटर लांबीच्या चित्रात तुटलेले हात, किंचाळणारा घोडा, मेलेलं मूल घेतलेली आई, सगळं काळ्या-पांढऱ्या-करड्या रंगात मांडलं. शहर उद्ध्वस्त होतं तेव्हा नीटनेटकी खिडकी पुरी पडत नाही.

म्हणजे उत्तर काय? त्याला येत होतं, पण त्याला वेगळं सांगायचं होतं.

आता थोडं आम्हा शिक्षकांविषयी. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झालं आणि युरोपीय वास्तवदर्शी शिक्षण आपल्याकडे रुजलं. ते मोलाचं आहेच. पण 'हुबेहूब म्हणजेच चांगलं' ही सवयही आपल्याला लागली. अजिंठ्याच्या चित्रांत एकच लोपबिंदू नाही, म्हणून ती कच्ची ठरतात का? मुलाचं चित्र 'चुकलं' म्हणून गुण कापण्याआधी, त्याला काय दाखवायचं होतं हे एकदा विचारू या.

करून पाहा : टेबलावर पेला आणि वही ठेवा. एक डोळा मिटून, एका जागी बसून चित्र काढा. मग टेबलाभोवती फिरा आणि जे जे दिसलं ते एकाच कागदावर काढा. दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. कोणतं चित्र काय सांगतं, ते वहीत लिहा.