पाऊण वाटीभर रिबिटं आणि गच्चीवरचं ऊन

मुंबईत गोरेगावहून बोरिवली लोकल धरली की मालाडनंतर कांदिवली. तिथल्या चारकोपमध्ये, एका इमारतीच्या गच्चीवर, कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं. किट आणून जोडलेलं नव्हे, आराखडाही स्वतःचाच. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते क्रेनने खाली उतरवून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ठेवलं आणि २०२० मध्ये धुळ्याला ते उडालं. लोकांना नवल वाटतं ते क्रेनचं. मी अडकतो गच्चीवरच्या उन्हात.

का, ते सांगायला आधी रिबीट. (पुस्तकात रिव्हेट, गोरेगावच्या गाळ्यांतला फिटर रिबीटच म्हणतो.) घरातल्या कढईचा कान पाहा, त्याला दोन असतात. विमानाच्या पंखात पाऊण वाटी संपली तरी एक कड धड होत नाही. नेहमीच्या एका रिबिटाची दांडी ३.२ मिलिमीटर जाड, भोक त्याहून जेमतेम ०.१ मिलिमीटर मोठं. एका बाजूने हवेची बंदूक ठोकते, दुसऱ्या बाजूला कुणीतरी लोखंडी ठोकळा दाबून धरतं. दांडी आतल्या आत फुगते, भोक गच्च भरते आणि शेपटाकडचं डोकं दांडीच्या दीडपट रुंद होतं.

पण दोन पत्र्यांची भोकं एकमेकांवर बसलीच नाहीत तर? हात शिवशिवतो तो टोच्या घालून पत्रा ओढायला. रिबीट बसतंही, पण पत्रा कायमचा ताणलेला राहतो. कानस फिरवली तर भोकाचा इंग्रजी आठ होतो, रिबीट वाकडं फुगतं, भार शेजाऱ्यांवर जातो आणि आठाच्या कंबरेतून चीर सुरू होते.

जाणकार आधी टाचून घेतात, ब्लाउज शिवण्याआधी टाचतात तसं. त्यासाठी क्लेको नावाचे स्प्रिंगचे चिमटे असतात. पक्कडीने दाबून भोकात घातले की आतले पाय फाकून पत्रा धरतात. मधल्या भोकापासून कडेकडे लावत गेलं की साठत आलेली चूक बऱ्याचदा वाटली जाते. मग दोन्ही पत्र्यांतून एकदमच रिमर, म्हणजे भोक किंचित रुंदावून नेमकं करणारं हत्यार, फिरवायचा. एवढ्याने भागलं नाही तर भोक मोठं करून ४ मिलिमीटरचं रिबीट.

इथे गणित मजेशीर होतं. भोकं अर्धा मिलिमीटर सरकली असतील तर दोन्ही मिळून ३.८ मिलिमीटरची लांबट फट होते. ४ चं भोक ती गिळून टाकतं. एक मिलिमीटर सरकली तर फट ४.३ ची, म्हणजे ४ चं भोकही अपुरं. आणखी मोठं करावं, तर भोकाचा मध्य पत्र्याच्या कडेपासून रिबिटाच्या निदान दुप्पट जाडीइतका आत हवा. तेवढी जागा क्वचितच उरते.

आता ऊन. अॅल्युमिनियमचा एक मीटर दर अंशाला २३ मायक्रॉन वाढतो. पंखाचा तीन मीटरचा पत्रा उन्हात, त्याखालचा स्पार, म्हणजे पंखाचा कणा, सावलीत. फरक फक्त १५ अंश. एका टोकाला जुळवलं तर दुसऱ्या कडेचं भोक जवळजवळ एक मिलिमीटर पुढे गेलेलं असतं, नेमकं तेच जे भरून निघत नाही. हात कुणाचाच चुकलेला नसतो.

मग दुपारी वाकडी दिसलेली भोकं रिमर न उचलता तशीच ठेवायची आणि सकाळी, ऊन यायच्या आत, पुन्हा क्लेको लावून पाहायचे.