पायदळाच्या पुढचा माणूस

१९८८ साली चेतन आनंद यांची ‘परमवीर चक्र’ ही मालिका दूरदर्शनवर लागली, तेव्हा परमवीर मिळालेले मेजर रामा राघोबा राणे हयात होते. मूळचे कारवारजवळच्या चेंडियाचे आणि बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलातले, म्हणजे आपल्या खडकीचे. १९९४ साली पुण्यातच त्यांचं निधन झालं. या शहरातल्या किती जणांना ते ठाऊक होते, कोण जाणे!

युद्धाच्या मालिका आपल्याकडे शेवटच्या पाच मिनिटांसाठी बघितल्या जातात. चकमक, घोषणा, हौतात्म्य. पायदळाच्या सैनिकाचं खरं आयुष्य मात्र त्याआधीच्या कामात असतं. अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर १९६२ ते १९६७ या काळात १५२ भाग चाललेल्या ‘कॉम्बॅट!’ने ते ओळखलं होतं. काळ १९४४चा, मुलूख फ्रान्सचा, आणि गोष्ट सार्जंट साँडर्सच्या मूठभर माणसांची. महायुद्ध कोण जिंकतंय याची उठाठेव तिथे फारशी नाही. समोरचं शेतघर ताब्यात घ्यायचं, जखमीला मागे आणायचं, एवढाच त्या दिवसाचा हुकूम. माणसं थोडी असल्यामुळे प्रत्येकाचा चेहरा ओळखीचा होतो, आणि त्यांतला एक जरी कमी झाला तरी काळीज हलतं.

चेतन आनंद यांनाही हे जमत होतं. लडाखच्या बर्फात अडकलेल्या तुकडीचा ‘हकीकत’ हा चित्रपट त्यांनी १९६४ सालीच केला होता. ‘परमवीर चक्र’मध्ये आपल्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून गेलेले नसीरुद्दीन शाह अब्दुल हमीद झाले, आणि पॅटन रणगाडे उडवणारा तो हवालदार घरोघरी पोचला.

राण्यांची कामगिरी पडद्यावर आणायला याहून अवघड. एप्रिल १९४८, काश्मीरचं युद्ध. ४ डोग्रा पलटण नौशेराहून राजौरीकडे निघाली होती. वाटेत सुरुंग पेरलेले, झाडं आडवी पाडलेली, वरच्या डोंगरांवरून मारा. सॅपर्सनी वाट मोकळी केल्याशिवाय रणगाडे पुढे सरकणार नव्हते, आणि रणगाड्यांशिवाय पायदळाची चाल जड होती. ८ तारखेला काम सुरू होताहोताच उखळी तोफांच्या माऱ्यात राण्यांचे दोन जवान ठार झाले, पाच जण जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते. तरी ते हटले नाहीत.

एका टप्प्यावर गोळ्यांपासून आडोसा म्हणून ते रणगाड्याखाली शिरले आणि त्याच्या चालीबरोबर सरपटत निघाले. चालकाला इशारा देण्यासाठी दोर होते. दोराला हिसका दिला की चालकाला काय ते समजे. वर लोखंडाचं धूड, खाली सुरुंगांची जमीन. पुढे पाइनची पाच मोठी झाडं रस्त्यात आडवी पडलेली, भोवती सुरुंग. तोही अडथळा त्यांनी दूर केला. ११ तारखेला चिंगस आलं, १२ तारखेला राजौरी हाती लागली. या चार दिवसांतलं त्यांचं शौर्य रस्ता करण्याचं होतं, आणि म्हणूनच मला ते थोर वाटतं.

अशा गोष्टींची आपल्याकडे वाण नाही. ‘कॉम्बॅट!’ ज्या उन्हाळ्यात घडते, त्याच १९४४च्या जुलैत माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे इटलीत आपल्या सेक्शनमध्ये एकटेच लढते उरले होते. त्यांनी मशीनगनचं ठाणं एकट्याने घेतलं आणि तिथेच त्यांना वीरमरण आलं. पुढच्या वर्षी इटलीतच सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधवांनी दोन जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांतून मागे नेलं, परत फिरून तीन मशीनगनी बंद पाडल्या आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना करत मागच्या कंपन्यांना नदीपार बोलावलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जाधवांचं निधनही पुण्यातच झालं, १९८४ साली.

खडकीला सॅपर्सचं केंद्र, खडकवासल्याला एनडीए, लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म इन्स्टिट्यूट आणि चित्रपट संग्रहालय. पायदळाच्या एका सेक्शनवर, दहाएक माणसांवर, चांगली मराठी मालिका करायला या शहराला आणखी काय हवं? निर्मात्यांनी हे मनावर घ्यावंच. वाचकांनाही एक विनंती आहे. घरात, शेजारी, गावाकडे निवृत्त जवान असतील, तर त्यांना पदकाविषयी नंतर विचारा. आधी रोजचं काम काय असायचं ते विचारा, आणि त्यांची परवानगी घेऊन मोबाइलवर नोंदवून ठेवा.